हात कुणाचा, शब्द कुणाचे?

घरी मुलांची सोय लावून संध्याकाळी व्याख्यानाला येणं किती अवघड असतं, याची आम्हाला कल्पना आहे. काही जण मुलांना घेऊनच आलात, तेही बरं केलंत. मुलं मध्येच उठली, फिरली, आवाज केला तर थांबवू नका. आम्हाला सवय आहे.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. काही विशेष शिक्षक, दोन स्पीच थेरपिस्ट आणि चार-पाच पालक असा आमचा लहानसा अभ्यासगट आहे. महिन्यातून एकदा बसतो, वाचतो, भांडतो. आज बोलणारं तोंड एक असलं तरी मांडणी सगळ्यांची आहे, म्हणून 'आम्ही' असंच म्हणू. आजचा विषयही तोच आहे. कुणाच्या तोंडून कुणाचे शब्द येतात?

या व्याख्यानमालेत आपण विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलांशी संवाद कसा साधायचा, याबद्दल बोलत आहोत. आज मात्र 'कसा साधायचा' याच्या टिपा देण्याआधी एका पद्धतीची समीक्षा करायची आहे. ही पद्धत वेगवेगळ्या नावांनी पालकांपर्यंत पोचते, फार मोठी आशा दाखवते, आणि आमच्या मते मुलाचं जे काही बोलणं आधीपासून चालू असतं, तेच बंद पाडते.

एक व्हिडिओ, दोनदा पाहिलेला

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा व्हिडिओ येऊन गेला असेल. बारा-तेरा वर्षांचं मूल. स्वमग्न, एकही शब्द न बोलणारं. समोर आई किंवा प्रशिक्षक अक्षरांचा फळा धरून बसलेली. मूल पेन्सिलीनं एकेका अक्षरावर टोचतं आणि वाक्य तयार होतं: मला सगळं कळत होतं. आई, तू माझ्यावर विश्वास ठेवलास, धन्यवाद.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते लपवत नाही. मग आमच्यातल्या एकीनं सुचवलं, की आवाज बंद करून पुन्हा पाहू या. पाहिला. तेव्हा दिसलं, की फळा एका जागी नाही. धरणाऱ्याच्या हातात तो पेन्सिलीच्या दिशेनं सरकतोय. मूल अक्षरांकडे बघतच नाहीये, खिडकीकडे बघतंय. दोनदा ते उठायला गेलं, दोनदा त्याला खांद्याला धरून बसवलं. एकदा त्यानं पेन्सिल टाकून दिली, ती परत त्याच्या हातात दिली गेली. असे दहा-बारा व्हिडिओ आम्ही त्यानंतर पाहिले. आवाज बंद करून. चित्र फारसं वेगळं नव्हतं.

हे प्रकरण आहे काय, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

मेलबर्न ते सिरॅक्यूज

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात सेंट निकोलस नावाची एक संस्था होती. बोलू-चालू न शकणारी मुलं तिथं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली असत. १९७७च्या सुमारास रोझमेरी क्रॉसली या शिक्षिकेनं तिथल्या ॲन मॅकडॉनल्ड या मुलीचा हात धरून तिच्याकडून अक्षरं दाखवून घ्यायला सुरुवात केली. ॲनला सेरेब्रल पाल्सी होती. हाताच्या हालचालींवर ताबा नव्हता. १९७९मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि ॲनला संस्थेबाहेर पडायची मुभा मिळाली. १९८०मध्ये दोघींच्या नावावर पुस्तक आलं, १९८४मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. क्रॉसलींचा राग खरा होता. मुलं खितपत पडली होती आणि 'यांना काही कळत नाही' असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. त्या बेफिकिरीविरुद्ध कुणीतरी उभं राहणं गरजेचं होतं.

पुढं अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक डग्लस बिक्लेन मेलबर्नला गेले. परत येऊन १९९०मध्ये त्यांनी हार्वर्डच्या शिक्षणविषयक नियतकालिकात लेख लिहिला. पद्धतीला नाव होतं फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन, थोडक्यात एफसी. म्हणजे हाताला, मनगटाला, कोपराला किंवा खांद्याला आधार देऊन टंकलेखन करवून घ्यायचं. क्रॉसलींनी ती स्वमग्न मुलांसाठीही वापरली होतीच. बिक्लेन यांनी तिला सिद्धान्ताची जोड दिली. स्वमग्न मुलाच्या आत सगळी भाषा तयार आहे, अडचण फक्त हात-तोंड हलवण्याची आहे, असं त्यांचं म्हणणं. दोन-तीन वर्षांत ही पद्धत अमेरिकेतल्या शाळांमध्ये वणव्यासारखी पसरली.

आमची पहिली शंका इथली आहे, आणि ती कुठल्याही आईला सुचेल अशी आहे. सेरेब्रल पाल्सीत हात कापतो, वाकडा जातो, त्याला आधार द्यावा हे समजतं. पण जे स्वमग्न मूल बरणीचं झाकण उघडून बिस्किट काढतं, मोबाइलवर स्वतःचं आवडतं गाणं शोधतं, जमिनीवर पडलेला तांदळाचा दाणा चिमटीत उचलतं, त्याला एका बोटानं अक्षर दाखवायला दुसऱ्याचा हात का लागावा?

जेव्हा तपासलं गेलं

न्यूयॉर्क राज्यात ओ. डी. हेक नावाचं विकासात्मक दिव्यांगत्वासाठीचं केंद्र होतं. तिथल्या लोकांनी १९९३मध्ये एक साधी चाचणी केली. लक्षात घ्या, हे विरोधक नव्हते. ते स्वतः ही पद्धत वापरत होते, त्यांचा तिच्यावर विश्वास होता आणि टीकाकारांची तोंडं बंद करायची होती. स्वमग्न असलेल्या १२ व्यक्ती आणि त्यांना आधार देणारे ९ साहाय्यक. दोघं शेजारी बसलेले, मध्ये आडोसा. दोघांना एकेक चित्र दाखवायचं. कधी दोघांना एकच, कधी वेगवेगळं. जे दिसलं त्याचं नाव टाइप करायचं.

दोघांना एकच चित्र दिसलं की उत्तरं बरोबर येत. चित्रं वेगळी असली की व्यक्तीला दिसलेल्या चित्राचं नाव एकदाही येत नसे. पुष्कळदा नाव येई ते साहाय्यकाला दिसलेल्या चित्राचं.

त्याच सुमारास मेन राज्यात एक भयंकर प्रकरण घडलं. जॅनिस बॉइंटन ही शाळेतली स्पीच थेरपिस्ट एका न बोलणाऱ्या किशोरवयीन मुलीचा हात धरून टाइप करवून घेत असे. त्या टंकलेखनातून मुलीच्या घरच्यांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप उमटले. मुलीला घरापासून दूर नेण्यात आलं. मग हॉवर्ड शेन या तज्ज्ञांना बोलावून तपासणी झाली. मुलीला किल्ली दाखवली, बॉइंटनला कप. टाइप झालं 'कप'. अशी एकामागून एक उत्तरं आली. आरोप मुलीनं केलेलेच नव्हते.

या प्रकरणात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बॉइंटनची पुढची वाट. तिनं निकाल मान्य केला. हे शब्द माझेच होते, मला कळत नव्हतं, असं कबूल करून तिनं ती पद्धत सोडली आणि पुढं तिच्याविरुद्ध जाहीरपणे लिहू-बोलू लागली. असं किती जणांना जमतं? आपण चुकलो आणि आपल्या चुकीनं एका मुलीचं घर विस्कटलं, हे मान्य करून उभं राहायला छाती लागते.

१९९४मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं ठराव करून या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. २०१८मध्ये तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं पुन्हा तेच बजावलं.

वाटी कोण हलवतं?

आता तुम्ही म्हणाल, मग काय हे सगळे लबाड होते? नाही. अजिबात नाही.

आपल्याकडे जुन्या पिढीत प्लँचेट करायचे. पाटावर अक्षरं मांडायची, मध्ये वाटी उपडी ठेवायची, तिघा-चौघांनी बोट टेकवायचं. वाटी सरकायची. 'तू ढकलतोस' म्हणून मग भांडणं व्हायची आणि प्रत्येक जण देवाशपथ सांगायचा, मी नाही. (हशा) ते खोटं बोलत नसत. १८५३मध्ये मायकल फॅरडे या शास्त्रज्ञानं टेबल फिरवण्याच्या अशाच प्रयोगाची तपासणी केली होती. त्याला दिसलं, की माणसं टेबल खरंच ढकलतात आणि आपण ढकलतोय हे त्यांना खरंच कळत नाही. मनात अपेक्षा असली की हात तिकडे जातो, नकळत.

म्हणून एफसीवर टीका करणं म्हणजे आईला खोटारडी म्हणणं नव्हे. उलट जितकं प्रेम जास्त, जितकी ओढ जास्त, तितका हात जास्त बोलतो.

आमचंच उदाहरण देतो. आमच्या गटातल्या एका आईनं आठ महिने मुलासमोर असा फळा धरला. कार्यशाळा कुणी घेतली होती, त्यांचं नाव इथं घेत नाही. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. घरात बोली शुद्ध मराठी. शेजारीपाजारी मराठी. आणि फळ्यावरून यायची वाक्यं इंग्रजीत, तीही अचूक स्पेलिंगची. कारण विचारलं तर कार्यशाळेत सांगितलं, ही मुलं आपोआप शिकतात. ते आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. आज हसू येतं, पण तेव्हा कुणालाही प्रश्न पडला नाही, की या पोराला हे इंग्रजी आलं कुठून? देवनागरीचा फळा का नाही केला, याचंही उत्तर साधं होतं. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांत तो हात इतका सहज घसरत नाही.

एका रविवारी वडील त्याला बाजारात घेऊन गेले. परत आल्यावर आईनं फळा धरला आणि विचारलं, काय खाल्लंस बाळा? फळ्यावर उमटलं, वडापाव. ती आनंदानं स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, वडापाव खाल्ला म्हणतोय! वडील म्हणाले, छे, गाडीच लागली नव्हती, केळं घेतलं दोघांनी.

त्या एका केळ्यानं आठ महिन्यांचं सगळं उलटंपालटं केलं. ती आई त्या रात्री झोपली नाही. ती म्हणते, मुलगा माझ्यापासून दुसऱ्यांदा हिरावला गेला असं वाटलं. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि हा किस्सा सांगायला तिचीच परवानगी आहे.

'विश्वास ठेवा' म्हणजे काय?

या पद्धतीचे समर्थक एक युक्तिवाद करतात. मुलाला तपासणं म्हणजे त्याचा अपमान. आपण गृहीत धरावं की त्याच्यात क्षमता आहे. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. याला आधार म्हणून ॲन डोनेलन या अभ्यासिकेचा १९८४चा एक विचार सांगितला जातो. तिचं म्हणणं असं, की जिथं पक्की माहिती नाही, तिथं असं गृहीतक धरा जे चुकीचं निघालं तरी मुलाचं कमीत कमी नुकसान होईल.

हा विचार आम्हालाही मोलाचा वाटतो. पण तो शेवटपर्यंत न्या ना. 'मुलाला कळतं' हे गृहीत धरून तुम्ही त्याच्यासमोर त्याच्याबद्दल वाईट बोलणं थांबवलंत, त्याला गोष्टी वाचून दाखवल्यात, वयाला शोभेल असं वागवलंत, आणि समजा त्याला सगळं कळत नव्हतं. बिघडलं काय? काहीच नाही. पण 'फळ्यावरचे शब्द मुलाचेच' हे गृहीत धरलंत आणि ते तुमचे निघाले, तर? तर त्याचा आहार, त्याची शाळा, त्याची औषधं, पुढं त्याची सही आणि त्याची संमती, सगळं दुसऱ्यानं ठरवलं आणि त्याच्या नावावर खपवलं. यापेक्षा जास्त नुकसान करणारं गृहीतक आम्हाला तरी सुचत नाही.

तपासणं हा अविश्वास नाही. परीक्षा मुलाची नसतेच, फळा धरणाऱ्याची असते. आणि ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. आईला घराबाहेर पाठवा. मुलाला एखादी वस्तू दाखवा, खायला द्या, खेळवा. आई आल्यावर तिला काही न सांगता मुलाला फळ्यावर विचारू द्या. गावाहून आलेला निरोप्या जसा आपल्याला माहीत नसलेली बातमी आणतो, तसा मुलानं आईला माहीत नसलेला एक तरी निरोप द्यावा. एवढंच. आणि पाच-सहा वेळा करा. एकदा जमलं किंवा चुकलं यावरून ठरवू नका.

नवी नावं

कुणी म्हणेल, हे सगळं तीस वर्षांपूर्वीचं. आता पद्धती सुधारल्या आहेत, हात धरत नाहीत, फक्त फळा धरतात.

यातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत, रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड, आपल्या देशातून गेलेली आहे. सोमा मुखोपाध्याय यांनी कर्नाटकात राहून आपल्या टिटो या स्वमग्न मुलाला अपार कष्टानं शिकवलं. टिटोचं पुस्तक २०००मध्ये इंग्लंडमध्ये निघालं आणि पुढं दोघं अमेरिकेला गेले. टिटोचं स्वतःचं लेखन हा एक प्रश्न आणि हजारो मुलांवर वापरली जाणारी पद्धत हा दुसरा प्रश्न. दोन्हींची गल्लत करू नये. एका आईनं एका मुलासाठी जे केलं, त्याबद्दल आदर ठेवूनही विचारावं लागतं, की फळा दुसऱ्याच्या हातात असताना शब्द मुलाचेच आहेत, हे कुणी तपासून दाखवलं का? २०१८मध्ये अमेरिकेतल्या त्याच स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं या पद्धतीबद्दलही हाच आक्षेप घेतला. फळा हवेत धरला की तो थोडा इकडं, थोडा तिकडं होतोच. मनगट सोडलं म्हणून इशारा सुटत नाही.

२०२४मध्ये तर 'द टेलिपथी टेप्स' नावाचं एक पॉडकास्ट जगभर गाजलं. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांना म्हणे आईच्या मनातला आकडा ओळखता येतो. आईनं बघायचं, मुलानं फळ्यावर दाखवायचं, बरोबर येतं. आम्हाला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. ओ. डी. हेक केंद्रातही हेच घडलं होतं. साहाय्यकाला दिसलेलं चित्र टाइप होत होतं. तेव्हा त्यांनी ते पाहून मान खाली घातली. आता त्यालाच चमत्कार म्हणतात.

आपल्याला हे का हवं असतं?

आता थोडं स्वतःकडे वळू. कारण अशा पद्धती फोफावतात त्या आपल्या मनातल्या एका पोकळीत.

आपण मुलाशी कसं बोलतो ते आठवा. 'हे काय आहे? सांग बरं.' 'काकांना नाव सांग.' 'मोर कसा नाचतो? करून दाखव.' दिवसभर तोंडी परीक्षा. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेच आपण विचारतो. त्याला खरंच काही सांगायचं असेल असं धरून आपण किती वेळा गप्प बसतो? आमच्या गटातल्या पालकांनी एकदा स्वतःचं बोलणं घरी अर्धा तास ध्वनिमुद्रित केलं. ऐकून सगळेच ओशाळले. प्रश्न आणि हुकूम, यांशिवाय फारसं काही नव्हतंच. आम्ही शिक्षकही त्यात होतो. शाळेतला तास ऐकला, तो आणखी वाईट.

दुसरं असं, की बोलणं म्हणजे वाक्य, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. मूल हात धरून फ्रीजपाशी नेतं, ते बोलणं नाही. ताट सरकवतं, ते बोलणं नाही, तो हट्ट. कान झाकून घेतं, ते वागणुकीची समस्या. आणि आपण वाट बघत राहतो त्या एका वाक्याची: आई, मला सगळं कळतं, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते वाक्य कुणी फळ्यावर काढून दिलं, तर आपण कसे नाही म्हणणार?

आता त्या आवाज बंद केलेल्या व्हिडिओकडे परत या. मूल खिडकीकडे बघत होतं. उठायला गेलं. पेन्सिल टाकली. ही त्याची वाक्यं होती. दोनदा त्यानं 'नको' म्हटलं, एकदा 'पुरे' म्हटलं. त्याचे हे तिन्ही शब्द दाबून त्याच्या नावानं 'धन्यवाद' लिहून घेण्यात आलं. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. ही पद्धत मुलाला आवाज देते की नाही, यावर वाद घालणारे घालोत. त्याचा जो आवाज होता तो ती पुसते, हे मात्र आवाज बंद करून कुणालाही दिसतं. आणि ज्या मुलाचं 'नको' आपण लहानपणी ऐकलं नाही, त्याचं 'नको' मोठेपणी बाहेरचं कोण ऐकणार? आपल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न इथंच येऊन भिडतो.

मग करायचं काय?

टीका करून निघून जाणं बरं नाही, म्हणून थोडं सांगतो.

पहिलं, मूल जे करतंय त्याला शब्द मानून उत्तर द्या. ताट सरकवलं, की 'नको? बरं, ठेवू या बाजूला.' दर वेळी त्याच्या मनासारखं करता येणार नाही. औषध घ्यावंच लागतं. पण 'तुला नकोय, हे कळलं मला' एवढं तरी म्हणता येतं.

दुसरं, थांबा. काही म्हटल्यावर मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता सहन होत नाही, म्हणून आपण तोच प्रश्न तीनदा विचारतो आणि मुलाला तीनदा नव्यानं सुरुवात करावी लागते.

तिसरं, पुनरुक्तीकडे कान द्या. 'पाणी हवंय तुला?' असं विचारलं की मूल म्हणतं, 'हवंय तुला.' मुलगा असून आईसारखं 'मी जाते' म्हणतो. आपण लगेच चुकीची दुरुस्ती करतो. १९८१मध्ये प्रिझंट आणि डुकन या अभ्यासकांनी दाखवलं, की अशा तात्काळ पुनरुक्तीमागे सात वेगवेगळे हेतू असू शकतात. कधी ते 'हो' असतं, कधी मागणी, कधी 'आता माझी पाळी' असं सांगणं. 'मी जाते' म्हणणाऱ्या मुलाला कदाचित दारापाशी ऐकलेलं ते आईचं वाक्य 'आता बाहेर' या अर्थानं आठवलेलं असतं. व्याकरण नंतर बघू. आधी चप्पल काढा.

चौथं, चित्रं, खुणा, यंत्रं खुशाल वापरा. फक्त शब्द निवडणारा हात मुलाचाच असू द्या. चित्र देऊन मागणी करायची पेक्स ही पद्धत अमेरिकेत १९८५मध्ये बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी तयार केली. तिच्यात मूल स्वतः चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात घडलेलं 'जेलो' हे ॲप मराठीत बोलतं. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हेही अनेक जण वापरतात. पैसे नसतील तर रिकाम्या पाकिटांचे कापलेले तुकडे आणि घरच्या ताट-वाटीचे फोटोही चालतात. आमच्या वर्गात पारले-जीचं वेष्टण हा कित्येक मुलांचा पहिला 'शब्द' आहे. (हशा) आणि हो, चित्रांत 'नको', 'पुरे', 'दुखतंय', 'थांबा' ही आधी ठेवा. नुसत्या खाऊची ठेवू नका.

चित्रांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, ही भीती आम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळते. २००६मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीच्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ व्यक्तींमध्ये अशा साधनांमुळे एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढ झाली होती. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही सांगायला हवं. चमत्कार कुणी सांगितला नाही, म्हणूनच त्या आकड्यांवर आमचा विश्वास बसतो.

आणि पाचवं, हे हक्काचं आहे, मेहेरबानीचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बोलणं-लिहिणं यांच्याबरोबर खुणा, सोपी भाषा, पूरक आणि पर्यायी साधनं हे सगळं येतं. शाळेनं 'आमच्याकडे चित्रं चालत नाहीत' म्हटलं, तर हे दाखवा.

श्रोत्यांतला एक प्रश्न

(मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं: आमच्या सुनेला त्या फळ्यामुळं फार समाधान मिळतं हो. ते काढून घेऊ का तिच्याकडून?)

आजोबा, अवघड प्रश्न विचारलात. एकदम काढून घेऊ नका. तिला सांगू नका की तू चुकतेस. एखाद्या दिवशी तुम्ही आणि नातू दोघंच फिरून या, आणि परत आल्यावर तिलाच त्याला विचारू द्या. जे येईल ते तिचं तिला दिसू दे. आणि त्या दिवशी तिच्याजवळ कुणीतरी असू द्या. आमच्या गटातली ती आई म्हणते, तिला शास्त्रज्ञांनी नाही सावरलं. सावरलं ते दोन दिवसांनी घडलेल्या एका गोष्टीनं. मुलगा तिचा हात ओढत फळांच्या टोपलीपाशी घेऊन गेला आणि केळ्यावर तिचा हात ठेवला. आठ महिन्यांत फळ्यानं जे सांगितलं नव्हतं, ते त्यानं सांगितलं. तिनं केळं सोलून दिलं. अर्धं त्यानं खाल्लं, अर्धं तिला दिलं.

थांबतो इथं. बाहेर चहा आहे. मुलांसाठी बिस्किटं चित्रांच्या पाटीशेजारी ठेवली आहेत. कृपया त्यांना त्यांचं त्यांना मागू द्या, वेळ लागला तरी.